एका अक्षरासाठी किती खेपा? सोनपेठची चावडी, बेल लॅब्ज आणि फाइल वाचण्याचा इतिहास

१/
एखाद्या पटवाऱ्याने नोंदीची नक्कल करण्यासाठी सोनपेठहून परभणीची वाट धरावी, जिल्हा कचेरीत दप्तर उघडून एकच अक्षर पाहावे, ते गावी परतून कागदावर उतरवावे आणि दुसऱ्या अक्षरासाठी पुन्हा परभणी गाठावी. असे कोणी केले तर गाव त्याला वेड्यात काढील. संगणकावरील प्रोग्रॅम मात्र फाइल वाचताना नेमके हेच करू शकतो. या खेपा कमी कशा झाल्या, कोणी केल्या आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली, याचा हा इतिहास.

२/
दप्तर राखणे आणि दप्तर वाचणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे परभणीइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. महसुली कारभाराची भाषा उर्दू आणि कालगणना फसली. फसली सनात ५९० मिळवले की साधारणपणे इसवी सन येतो. जमिनीच्या हक्कनोंदीचा हैदराबादचा विनियम १३५८ फसलीचा, म्हणजे १९४८-४९ चा. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. राज्ये बदलली, लिपी बदलली. दप्तरे मात्र राहिली.

३/
या व्यवस्थेत नोंदींची उतरंड होती. गावचे कागद पटवाऱ्याकडे, त्यावर तहसील, त्यावर जिल्हा. रोजच्या कामाला लागणारे कागद हाताशी आणि क्वचित लागणारे दूर, हा त्यामागचा साधा हिशेब. संगणकाच्या आत अशीच उतरंड असते. प्रोसेसर अत्यंत वेगवान, स्मृती त्याहून संथ आणि चकती तर फारच संथ. फिरत्या चकतीवरील हवी ती जागा गाठण्यास काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात प्रोसेसर लक्षावधी आज्ञा पार पाडू शकतो. म्हणून फाइल वाचण्याचा वेग यंत्राच्या चपळाईपेक्षा खेपांच्या संख्येवर अधिक अवलंबून असतो.

४/
हे पहिल्या पिढीच्या अभियंत्यांनाही उमगले होते. १९५१ च्या युनिव्हॅक यंत्रात चुंबकीय फितीवरून मजकूर एकेक अक्षराने येत नसे. ६० शब्दांचा, म्हणजे ७२० अक्षरांचा ठोकळा एकदम उचलला जाई आणि तो मधल्या एका साठवणीत ठेवला जाई. या मधल्या साठवणीलाच ‘बफर’ म्हणतात. विहिरीवरून घरी पाणी आणताना ओंजळीने नव्हे, घागरीने आणावे. प्यायचे मात्र पेल्याने. बफर ही ती घागर.

५/
भारतात या विद्येचे एक केंद्र मुंबई होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची मुख्य स्मृती होती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सारे मिळून सुमारे दहा हजार बाइट. आजच्या एखाद्या मध्यम आकाराच्या मराठी लेखाला तेवढी जागा पुरणार नाही. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे हा त्या काळाचा कागद होता.

६/
कार्डाने एक सवयही लावली. एका कार्डावर ८० रकाने, म्हणून एक नोंद ८० अक्षरांची. फाइल म्हणजे ठराविक लांबीच्या नोंदींची रांग, अशी मोठ्या यंत्रांची समजूत झाली. वाचताना नोंद किती लांब, ठोकळा केवढा, यंत्र कोणते, हे सारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगावे लागे. वाचन कार्यक्षम होते, पण ते प्रत्येकाने स्वतःच्या हिमतीवर करायचे. यंत्र बदलले की पुन्हा ओनामा.

७/
१९६९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. तिच्यातील एक निर्णय क्रांतिकारक ठरला. फाइल म्हणजे केवळ बाइटांचा प्रवाह. तिला नोंदी नाहीत, रकाने नाहीत, ठराविक लांबी नाही. वाचायचे तर ‘रीड’ ही एकच विनंती करायची. कोणत्या फाइलमधून, कुठे ठेवायचे आणि किती बाइट हवेत, एवढेच सांगायचे. बाकीचे काम कार्यप्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने करायचे.

८/
ही साधेपणाची देणगी होती, पण तिच्यात एक खोच होती. ‘रीड’ ही विनंती साध्या फंक्शनसारखी स्वस्त नाही. प्रोग्रॅमला आपले काम थांबवून कर्नेलच्या दारी जावे लागते. कर्नेल विनंती तपासतो, मजकूर देतो, मग प्रोग्रॅम परत येतो. चकतीवरचे ५१२ बाइटांचे ठोकळे कर्नेल स्वतःजवळ साठवून ठेवी, त्यामुळे दर वेळी चकतीपर्यंत जावे लागत नसे. तरी दारापर्यंतची खेप चुकत नसे. जिल्ह्याऐवजी तहसिलीवर काम भागले, इतकेच.

९/
आकडा पाहिला की प्रश्नाचे गांभीर्य कळते. तीन मेगाबाइटची फाइल एकेक बाइटाने वाचली तर ३१,४५,७२८ विनंत्या कराव्या लागतात. तीच ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांनी वाचली तर ६,१४४. आणि ८,१९२ बाइटांच्या ठोकळ्यांनी वाचली तर अवघ्या ३८४. मजकूर तोच, यंत्र तेच, चकती तीच. फरक केवळ खेपांचा. मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनाची ठेवण उलटी असते. शब्द मोजायचे असोत की ओळी, त्याला एकेक अक्षर पाहणेच सोयीचे वाटते.

१०/
ही कोंडी फोडली माइक लेस्क यांनी. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, सी भाषा आकार घेत असतानाच, बेल लॅब्जमधील लेस्क यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येईल असा वाचन-लेखनाचा संच लिहिला. त्याचीच पुढे पुनर्रचना होऊन सी भाषेचा ‘स्टँडर्ड आय-ओ’ हा भाग तयार झाला आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो जगभर पसरला. आजही सी शिकणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी ज्या ‘एसटीडीआयओ’ला हाक मारतो, त्याचा उगम हा.

११/
त्यातील युक्ती थोडक्यात अशी. प्रोग्रॅमने ‘गेट-सी’ म्हणून एक अक्षर मागितले की लायब्ररी कर्नेलकडे जाऊन पूर्ण ठोकळा घेऊन येते आणि प्रोग्रॅमच्याच स्मृतीत ठेवते. मग प्रोग्रॅमला त्यातले एक अक्षर देते. पुढची ५११ अक्षरे मागितली तरी दाराबाहेर पडावे लागत नाही. एक खूण अक्षरावर ठेवायची, एक गणती शिल्लक अक्षरांची ठेवायची; गणती संपली की नवा ठोकळा. ‘गेट-सी’ हे फंक्शनही नव्हते, तर मॅक्रो होते. त्याचा मजकूर थेट प्रोग्रॅममध्ये भरला जाई, म्हणून फंक्शन बोलावण्याचा खर्चसुद्धा वाचे.

१२/
इथे स्टँडर्ड लायब्ररी या कल्पनेचे खरे महत्त्व दिसते. बफर वापरणे ही हुशारी पूर्वीही होती, पण ती ज्याची त्याला सुचावी लागे. लायब्ररीत गेल्यामुळे ती नवशिक्यालाही न मागता मिळू लागली. एकाने एकदा केलेली काटकसर हजारोंच्या वाट्याला आली. गावातल्या प्रत्येकाने आपापली विहीर खोदण्याऐवजी एक सार्वजनिक आड बांधला जावा, तसे हे झाले. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने आणि १९९० च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

१३/
सार्वजनिक आडाला कठडा नसेल तर काय होते, हेही याच लायब्ररीने दाखवले. तिच्यात ‘गेट्स’ नावाचे एक फंक्शन होते. ते ओळ संपेपर्यंत वाचत राही, पण भांडे केवढे आहे हे कधीच विचारत नसे. मजकूर भांड्यापेक्षा मोठा आला तर तो शेजारच्या स्मृतीवर सांडे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने इतर काही वाटांबरोबर हीच फटही वापरली आणि त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. ‘गेट्स’ला सी भाषेच्या प्रमाणकातून बाहेर काढण्यास २०११ साल उजाडले.

१४/
दरम्यान दुसऱ्या टोकालाही सुधारणा चालू होती. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मॅकक्यूसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी १९८४ मध्ये नव्या फाइल प्रणालीवरचा निबंध प्रसिद्ध केला. ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांची जुनी प्रणाली चकतीच्या क्षमतेच्या केवळ दोन टक्के वेग गाठत होती. त्यांनी ठोकळा किमान ४,०९६ बाइटांचा केला आणि एका फाइलचे ठोकळे चकतीवर जवळजवळ ठेवले. वाचन दहापटीपर्यंत वेगवान झाले. घागर मोठी झाली आणि विहीरही घराजवळ आली.

१५/
१९९० च्या दशकात एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक धागे समांतर चालू लागले. दोन धाग्यांनी एकाच बफरमध्ये एकाच वेळी हात घातला तर गणती बिघडते. म्हणून १९९५ च्या पॉझिक्स प्रमाणकाने ‘गेट-सी’ला कुलूप लावणे आवश्यक केले. एकेका अक्षरासाठी कुलूप उघडायचे आणि पुन्हा लावायचे. जे फंक्शन बोलावण्याचाही खर्च टाळण्यासाठी मॅक्रो केले होते, त्यावर आता कुलपाचा खर्च बसला. ज्यांचा धागा एकटाच आहे त्यांच्यासाठी बिनकुलपाचे वेगळे रूप द्यावे लागले. सुरक्षितता आणि वेग यांचे हे भांडण पुढच्या प्रत्येक भाषेत दिसते.

१६/
या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण पायथॉन भाषेचे. तिच्या दुसऱ्या पिढीतील फाइल-वाचन सीच्या लायब्ररीवरच उभे होते. ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या ३.० या आवृत्तीत ते नव्याने रचले गेले. रचना सुबक होती, तीन मजल्यांची. तळाशी कच्चे बाइट, मधल्या मजल्यावर बफर आणि वर मजकूर, जिथे बाइटांची अक्षरे होतात. मात्र ही इमारत बहुतांशी पायथॉनमध्येच लिहिली होती आणि ती फारच संथ निघाली. सात महिन्यांच्या आत, जून २००९ मधील ३.१ आवृत्तीत, तोच आराखडा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. कामाच्या स्वरूपानुसार वाचन-लेखन २ ते २० पट वेगवान झाले.

१७/
मराठी वाचकाचा खरा संबंध त्या वरच्या मजल्याशी आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. मराठीचे तसे नाही. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणकात देवनागरी चिन्हालाही एकच बाइट पुरे. ‘परभणी’ या शब्दात प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणून पाच बाइट. त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली होती. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही बाइटांत लिहिण्याची पद्धत घडवली. युनिक्स घडवणारे थॉम्पसन ते हेच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘परभणी’ पंधरा बाइटांची झाली.

१८/
आता बफरचा आकार आणि मराठी अक्षर यांची गाठ पाहावी. ४,०९६ ला तीनने भागले तर बाकी एक उरते. ८,१९२ ला भागले तर दोन. म्हणजे निव्वळ देवनागरी मजकुराने भरलेली घागर तीनपैकी दोन वेळा अर्धवट अक्षरावर भरते. ‘भ’चा एक बाइट या घागरीत आणि दोन पुढच्या. प्रत्येक घागर स्वतंत्रपणे वाचणाऱ्या आळशी प्रोग्रॅमला शेवटी आणि सुरुवातीला निरर्थक तुकडे मिळतात आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांचे चौकोन उमटतात. इंग्रजी मजकुरावर हा दोष कधीच दिसत नाही, म्हणून परदेशात तपासलेला प्रोग्रॅमही मराठी मजकूर येताच अडखळू शकतो.

१९/
थॉम्पसन आणि पाइक यांच्या पद्धतीत याची सोय होती. यूटीएफ-८ मधील अक्षराचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट वेगळे ओळखू येतात. प्रत्येक देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो. पुढचे दोन १२८ ते १९१ यांच्या दरम्यान. त्यामुळे मध्येच तुटलेले अक्षर लगेच कळते. चांगली लायब्ररी तो तुकडा टाकून देत नाही. तो जपून ठेवते, नवी घागर येताच तिच्या तोंडाशी जोडते आणि मगच अक्षर पुढे देते. पायथॉनच्या वरच्या मजल्यावर हेच घडते. वेगाबरोबर अक्षर अखंड ठेवणे हीही लायब्ररीचीच जबाबदारी ठरली.

२०/
हा प्रश्न पुस्तकी नाही. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली; महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला होता. आज परभणी, गंगाखेड, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा, पालम आणि सोनपेठ या नऊही तालुक्यांतील सातबारा पडद्यावर पाहता येतो. सातबारा हा शब्दच यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा. त्यावरील खातेदाराच्या नावातील एक वेलांटी हरवली तर पीककर्जापासून वारसनोंदीपर्यंत माणसाला खेपा घालाव्या लागतात. यंत्राची खेप वाचवताना अक्षर तुटले, तर ती खेप माणसाच्या माथी येते.

२१/
आणि काही दप्तरे अशी आहेत की ज्यांच्यापुढे कोणतीही लायब्ररी थिटी पडते. २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांचा शोध घ्यावा लागला. कागदाचे छायाचित्र यंत्र क्षणात उचलते. पण ते त्याच्या दृष्टीने केवळ बाइटांचा प्रवाह असतो. त्यातील नाव, गाव आणि फसली सन ओळखणारा डोळा अजून बहुतांशी माणसाचाच आहे. तीन मजल्यांवरचा चौथा मजला म्हणावा तर तो हा.

२२/
लेस्क यांच्या संचापासून पायथॉनच्या पुनर्लेखनापर्यंतचा धडा एकच आहे. वाचन मंद का आहे, हे ठरवण्याआधी खर्च नेमका कुठे होतो ते मोजावे लागते. चकतीवर होतो, कर्नेलच्या दारात होतो, कुलपात होतो, की बाइटांची अक्षरे करताना होतो? प्रत्येक पिढीत उत्तर निराळे निघाले आणि म्हणून उपायही निराळा झाला. आज परभणीतील एखादा विद्यार्थी फाइल उघडण्याची एक ओळ लिहितो, तेव्हा पन्नासएक वर्षांची ही सारी काटकसर त्याच्या त्या एका ओळीमागे मुकाट्याने काम करीत असते. त्याने मागितले एक अक्षर. लायब्ररी भरलेली घागर घेऊन आली.